डोंगलला जरा मोकळी जागा द्या

घरातल्या संगणकाला वायफायशी जोडणाऱ्या यूएसबी डोंगलबद्दल बरेच प्रश्न साचले होते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे आज घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांत 'कुठला घेऊ?' असं विचारलेलं असतं. मला मात्र 'घेतलेला कुठे लावू?' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपला वायफाय नाही. डोंगलच्या खोक्यांवर एसी ६००, एसी १२००, एएक्स १८०० असे आकडे दिसतात. मोठा आकडा घेतला तर इंटरनेट तेवढ्या वेगानं चालेल का?

नाही. एसी म्हणजे वायफायची पाचवी पिढी, एएक्स म्हणजे सहावी, आणि पुढचा आकडा म्हणजे बेरीज असते. एसी ६०० लिहिलेला डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (बँडवर) १५० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ४३३ एमबीपीएसपर्यंत बोलू शकतो. दोन्ही मिळून झाले ५८३, ते खोक्यावर ६०० होतात. एसी १२०० मध्ये ३०० आणि ८६७ असतात, एएक्स १८०० मध्ये ५७४ आणि १२०१. वायफाय ६ पर्यंतचे हे डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर काम करतात, त्यामुळे ही बेरीज तुमच्या वाट्याला कधीच येत नाही.

शिवाय हे हवेतले, अगदी आदर्श स्थितीतले वेग आहेत. वायफायवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बाकीच्यांना थांबावं लागतं, पोच द्यावी लागते, चुकलेलं पुन्हा पाठवावं लागतं. राऊटर त्याच खोलीत असला तरी हवेतल्या वेगाच्या साधारण निम्मं हाती लागलं, तर ते ठीकच समजा.

म्हणून हिशेब उलट्या बाजूनं करा. तुमची इंटरनेट जोडणी १०० एमबीपीएसची असेल, तर ५ गिगाहर्ट्झ पकडणारा साधा एसी ६०० देखील पुरतो. जोडणी ३०० किंवा त्याहून जास्त असेल, तर दोन अँटेनांचा एसी १२०० किंवा वायफाय ६ चा, म्हणजे एएक्स लिहिलेला डोंगल बघा, आणि तो यूएसबी ३ चाच असू द्या. राऊटर जुना असेल तर नव्या डोंगलचं नवेपण वापरलंच जाणार नाही, कारण दोघांना जे समजतं त्याच भाषेत बोलणं होतं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडणारा डोंगल मात्र आता घेऊ नका. तो पट्टा शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांनी भरून गेलेला असतो, आणि त्यावर एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच आहेत : १, ६ आणि ११.

प्रश्न : राऊटर शेजारच्या खोलीत आहे. टेबलावर फोन ठेवला तर ९० एमबीपीएस मिळतात. त्याच टेबलाखालच्या डेस्कटॉपला नवा डोंगल लावला, तर १५ मिळतात. डोंगल सदोष आहे का?

बदलून घेण्याआधी एक सांगा : तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावला आहे ना?

फोन टेबलावर मोकळ्या हवेत असतो. डोंगल मात्र पत्र्याच्या पेटीला चिकटलेला, एका बाजूला भिंत, आजूबाजूला केबलींचा गुंता आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर. पत्रा रेडिओलहरी अडवतो. राऊटर पेटीच्या पुढच्या दिशेला असेल, तर डोंगल अक्षरशः तिच्या सावलीत बसलेला असतो. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत जास्त विरतात, म्हणून पेटीमागच्या कोपऱ्यात हा पट्टा आधी हरवतो आणि डोंगल गुपचूप गजबजलेल्या २.४ वर जाऊन बसतो. तुमचे ९० चे १५ इथे झाले असण्याची शक्यता मोठी आहे.

उपाय साधा आहे. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणा आणि डोंगल टेबलावर, शक्यतो मॉनिटरच्या वरच्या उंचीला, राऊटरच्या दिशेनं मोकळा ठेवा. नवा डोंगल घ्यायचा का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही केबल आणायला सांगतो. किती घरांत त्यानंतर नवा डोंगल घ्यावाच लागला नाही! केबल विनाकारण लांब घेऊ नका : यूएसबी २ साठी ५ मीटर ही कमाल मर्यादा आहे, यूएसबी ३ साठी ३ मीटरच्या आत राहिलेलं बरं.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. यूएसबी ३ च्या जोडणीतून माहिती धावते तेव्हा रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. डोंगलच्या शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि फाइल कॉपी करायला घेतली की वायफाय का रखडतं, याचं उत्तर तिथे आहे. डोंगल आणि डिस्क लांब-लांब लावा, किंवा डोंगल ५ गिगाहर्ट्झवर न्या. त्या पट्ट्यावर हा त्रास होत नाही. राऊटर २.४ चाच असेल तर डोंगल मुद्दाम यूएसबी २ च्या पोर्टात लावून बघा. वेग बहुधा वाढलेलाच दिसेल.

डोंगलला वळणारी अँटेना असेल तर तिचं टोक राऊटरकडे रोखू नका. अशा काडीसारख्या अँटेनाच्या लहरी टोकातून जात नाहीत, कडेनं चौफेर पसरतात. राऊटर त्याच मजल्यावर असेल तर ती उभी ठेवा.

आणि फरक मोजून बघा, अंदाजावर सोडू नका. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की पट्टा, वाहिनी आणि जोडणीचा वेग दिसतो. जागा बदला, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बघा. दिवसाच्या एकाच सुमाराला, घरातलं दुसरं कुणी मोठं डाउनलोड करत नसताना, प्रत्येक जागी तीनदा वेग तपासा. एकदाच तपासलेला आकडा फसवतो. मोकळ्या जागेत, राऊटरपासून दोन मीटरवरही फोनच्या जवळपास वेग येत नसेल, तर मात्र डोंगल खुशाल बदलून घ्या.

प्रश्न : माझ्या संगणकाला फक्त यूएसबी २ ची पोर्ट आहेत. यूएसबी ३ चा डोंगल चालेल का?

चालेल, पण अरुंद दारातून. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस आहे, प्रत्यक्षात ३०० च्या आसपासच हाती येतात. इंटरनेट त्याहून कमी वेगाचं असेल तर तुम्हाला फरक जाणवणारही नाही. पुढे संगणक बदलायचा विचार असेल तर यूएसबी ३ चाच घ्या, तो नव्यालाही उपयोगी पडेल.

प्रश्न : डोंगल लावल्यावर वायफाय दिसतच नाही, उलट सीडीसारखी एक ड्राइव्ह दिसते. आणि लिनक्स वापरत असेन तर कुठला घ्यावा?

ती ड्राइव्ह म्हणजे बिघाड नाही. अनेक डोंगलांच्या पोटात ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डोंगल चालवायला लागणारा प्रोग्रॅम, साठवलेला असतो. पहिल्यांदा लावल्यावर डोंगल स्वतःची ओळख सीडी म्हणून करून देतो. ड्राइव्ह उघडून त्यातला ड्रायव्हर बसवला की तो रूप बदलतो आणि वायफाय म्हणून पुढे येतो. लिनक्समध्ये हे रूपांतर करायला 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्रॅम असतो. कित्येकदा ती ड्राइव्ह नुसती 'इजेक्ट' केली तरी काम होतं.

पोटात ड्रायव्हर नसेल तर पेच पडतो : इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट. अशा वेळी फोन केबलनं संगणकाला जोडा आणि फोनमधलं यूएसबी टेदरिंग सुरू करा. तेवढ्यापुरतं इंटरनेट मिळतं. ड्रायव्हर मात्र डोंगल बनवणाऱ्याच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका फटक्यात' देणारे प्रोग्रॅम बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. असे प्रोग्रॅम काढता काढता संगणक पुसून पुन्हा उभा करावा लागलेला मी पाहिला आहे.

लिनक्ससाठी खरेदी करताना डोंगलचं नाव विसरा आणि आतली चिप शोधा. एकाच नावाच्या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि तिसऱ्या आवृत्तीत भलतीच, असं सर्रास होतं. आवृत्तीचा क्रमांक लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ४.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आतच आहे. वायफाय ६ हवं असेल तर एमटी ७९२१यू चा आधार ५.१८ पासून, २०२२ मध्ये आला. रियलटेकच्या काही यूएसबी चिपांना ६.२ पासून कर्नलमध्ये जागा मिळाली. त्याआधी बाहेरून ड्रायव्हर आणून बांधावा लागे आणि कर्नल बदलला की तो पुन्हा मोडे. म्हणून लिनक्ससाठी माझी पसंती मीडियाटेकला आहे.

प्रश्न : डोंगल चांगला वेग देतो, पण अर्ध्या-पाऊण तासानं जोडणी तुटते. काढून पुन्हा लावला की सुरू होतो.

जोडणी तुटते तेव्हा कान द्या. यूएसबी उपकरण काढल्यावर विंडोज जो आवाज करतं तो आला, तर डोंगल संगणकापासूनच सुटतो आहे. आवाज आला नाही, तर डोंगल जागेवर आहे आणि राऊटरशी बोलणं तुटतं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

आवाज येत असेल तर विजेकडे बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. स्वतंत्र वीजजोडणी नसलेल्या हबमध्ये कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह आणि डोंगल सगळे त्यात वाटेकरी होतात. डोंगल थेट संगणकाच्या पोर्टात लावा, सैल पोर्ट टाळा. एक्स्टेन्शन केबल पातळ आणि स्वस्तातली असेल तर ती बदलून बघा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची संगणकाला दिलेली परवानगी काढून घ्या. पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद करा. नखाएवढे छोटे डोंगल मोठ्या डाउनलोडमध्ये चांगलेच तापतात. गरम झाल्यावरच तुटत असेल तर केबलवर बाहेर काढल्यानं तोही त्रास कमी होतो.

आवाज येत नसेल तर राऊटरमध्ये शिरा. वाहिनी 'ऑटो'वर असेल तर राऊटर ती अधूनमधून बदलतो आणि काही डोंगल त्या बदलाबरोबर पटकन जात नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधली एखादी वाहिनी ठरवून द्या. त्यांच्या वरच्या, ५२ पासून पुढच्या बऱ्याच वाहिन्या हवामानाच्या किंवा इतर रडारसोबत वाटून घ्याव्या लागतात. रडारची चाहूल लागली की राऊटरला ती वाहिनी सोडावीच लागते.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचा डोंगल छान चालत होता. राऊटर बदलल्यापासून नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही.

नवा राऊटर फक्त डब्ल्यूपीए ३ या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला असणार. ती २०१८ मध्ये आली. तुमच्या डोंगलला डब्ल्यूपीए २ पर्यंतचंच कळतं. राऊटरमध्ये २ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय असतो, तो निवडा. मात्र जुन्या डोंगलसाठी कुणी डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत लावायला किंवा पासवर्डच काढायला सांगितलं, तर ऐकू नका. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येतं, आणि घरातल्या सगळ्यांचे फोन, बँकेचे व्यवहार त्याच जाळ्यावर असतात. एका डोंगलपायी घराचं दार उघडं टाकू नये.

प्रश्न : लॅपटॉपचं आतलं वायफाय कमजोर आहे म्हणून डोंगल लावला. आतलं बंद करावं लागेल का?

हो, केलेलं बरं. नाहीतर दोन्ही एकाच नेटवर्कला जोडले जातात आणि माहिती कुठल्या वाटेनं जाते ते कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त आतलं वायफाय 'डिसेबल' करा. ब्लूटूथ त्याच कार्डावर असलं तरी तिथे ते वेगळं दिसतं, त्याला हात लावू नका. इअरफोन, माउस चालू राहतील.

प्रश्न : हाच डोंगल टीव्हीला लावता येईल का?

बहुतेक टीव्हींना नाही. टीव्हीच्या आत त्या चिपचा ड्रायव्हर असावा लागतो आणि तो बाहेरून बसवता येत नाही. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत ठरावीक मॉडेलचं नाव दिलं असेल तरच तेवढा एक चालतो.

प्रश्न : घरून काम करतो. मीटिंगमध्ये आवाज तुटतो. महागातला डोंगल घेतला तर थांबेल का?

आवाजाला वेग फार लागत नाही, सातत्य लागतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे डोंगल मोकळ्यावर आणा, ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि आठवडाभर वापरून बघा. एवढ्यानं भागलं नाही आणि राऊटरपासून टेबलापर्यंत भिंतीच्या कडेनं लॅन केबल नेता येत असेल, तर ती न्या. साधी कॅट ५ई केबलसुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग पेलते आणि तिच्यावर शेजाऱ्यांच्या वायफायचा परिणाम होत नाही. डेस्कटॉपला बहुधा लॅनचं पोर्ट असतंच. लॅपटॉपला नसेल तर यूएसबीतून लॅन देणारा छोटा अडॅप्टर मिळतो. रोज चार-चार तास बोलणाऱ्या माणसाला मी महागड्या डोंगलऐवजी तोच घ्यायला सांगेन.