धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी आपण

नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाल्यापासून या सदराकडे विमानतळांविषयी येणारी पत्रे वाढली आहेत. त्यांतील बरीचशी पत्रे पुण्याच्या लोहगाव विमानतळाबद्दल आहेत. ठाणे-नवी मुंबईतील अनेकांची मुले पुण्यात नोकरीला असल्यामुळे तसे होणे साहजिकच आहे. लष्करी तळावरून चालणाऱ्या प्रवासी वाहतुकीशी संबंधित प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा हिंजवडीला असतो. त्याच्याकडे राहून आम्ही उभयता पुण्याहून दिल्लीला निघालो, तेव्हा विमानाचे दरवाजे बंद झाल्यावरही विमान बराच वेळ जागेवरच उभे होते. हवाई दलाची उड्डाणे चालू असल्याने थांबावे लागत असल्याचे वैमानिकाने सांगितले. एवढ्या मोठ्या शहराचा विमानतळ लष्करी तळावर कशासाठी? आणि दोघांसाठी वेगळ्या धावपट्ट्या का नाहीत?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण ‘विमानतळ लष्करी तळावर कशासाठी’ असे विचारले आहे, घटनाक्रम पाहिला तर तळ आधीचा आहे. लोहगावचा तळ इंग्रजांनी १९३९ मध्ये, मुख्यतः मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि आज तो देशाच्या महत्त्वाच्या लढाऊ तळांपैकी एक आहे; सुखोई-३० एमकेआय ही विमाने हवाई दलात दाखल झाली ती २००२ मध्ये याच तळावर. पुण्याहून दिवसाकाठी मोजकीच प्रवासी विमाने उडत होती, त्या काळात तळाच्या कडेला एक छोटी इमारत आणि विमाने उभी करण्यापुरती फरसबंद जागा एवढ्यावर भागत असे. या व्यवस्थेला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. पुढे माहिती-तंत्रज्ञान उद्योग आणि वाहन उद्योग वाढले, शहर लोहगावपर्यंत पसरले, वर्षाकाठी प्रवाशांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. धावपट्टी मात्र एकच राहिली. दुसरी बांधण्यासाठी आवश्यक असलेली लांबलचक मोकळी जागा आता तळाच्या आत नाही आणि बाहेर तर नाहीच.

आता थांबावे का लागते ते पाहू. लढाऊ विमाने बहुधा एकेकटी उडत नाहीत. दोन किंवा चार विमाने पाठोपाठ उडतात आणि सरावानंतर तशीच पाठोपाठ परततात. परतताना त्यांच्याकडे इंधन बेताचे असते, त्यामुळे त्यांना आकाशात घिरट्या घालत ठेवणे धोक्याचे ठरते. साहजिकच प्रवासी विमान जमिनीवर थांबते किंवा वर फेऱ्या मारते. त्यातच एखाद्या लढाऊ विमानाचा टायर धावपट्टीवर फुटला, तर ते ओढून नेऊन पट्टी झाडून तपासेपर्यंत सर्वांचीच वाहतूक बंद राहते, कारण सांडलेला लहानसा तुकडाही जेट इंजिनाने आत ओढला तर इंजिन निकामी होऊ शकते. अशा वेळी पुण्याकडे येणारी विमाने अनेकदा मुंबईला वळवली जातात.

ठाणेकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू होण्यापूर्वी मेल-एक्सप्रेस गाड्या आणि जलद लोकल एकाच रुळांवरून धावत होत्या आणि एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की लोकलचे वेळापत्रक कोलमडत असे. फरक इतकाच की लोहगावला पाचवी-सहावी मार्गिका टाकायला वाव नाही.

एक खुलासा मात्र करायला हवा. पुण्यातील प्रत्येक विलंब हवाई दलाच्या नावावर टाकण्याची सवय विमान कंपन्यांनाही सोयीची झाली आहे, असे आमचे मत आहे. नागरी विमानांच्या वेळा, म्हणजे स्लॉट, हवाई दलाशी आधी ठरवूनच मंजूर होतात. सरावाचे तास त्यात बहुतांशी गृहीत धरलेले असतात. आधीच्या शहरातून विमान उशिरा आले असेल, तर त्याचा दोष सुखोईला देता येत नाही.

प्रश्न : अशा विलंबाबद्दल भरपाई मिळते का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान किंवा सुरक्षा या कारणांनी झालेला विलंब कंपनीच्या आवाक्याबाहेरचा मानला जातो, त्यामुळे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रोख भरपाई मिळत नाही. याचा अर्थ कंपनीची कोणतीच जबाबदारी उरत नाही असा नाही. विलंब ठरावीक मर्यादेपेक्षा लांबला तर अल्पोपाहार द्यावा लागतो. ही मर्यादा उड्डाणाच्या कालावधीनुसार ठरते आणि जवळच्या उड्डाणांसाठी ती दोन तासांची आहे. विलंब सहा तासांहून अधिक होणार असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करण्याचा हक्क प्रवाशाला असतो. तक्रार आधी कंपनीकडे, दाद न लागल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेत नोंदवावी. आणि एक व्यावहारिक सूचना : पुण्याहून दिल्ली गाठून पुढे परदेशी जायचे असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत, स्वतंत्र तिकिटे काढली तर चुकलेल्या पुढच्या उड्डाणाचा भुर्दंड आपल्यालाच सोसावा लागतो.

प्रश्न : पुण्याचे नवे टर्मिनल सुरू झाले, तरी विमानांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. हा विमानतळ नेमका चालवतो कोण?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टर्मिनलची इमारत, त्यापुढील विमाने उभी करण्याची जागा, तपासणीचे कक्ष, सामानाचे पट्टे आणि वाहनतळ हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते. टर्मिनलची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल पाहते. धावपट्टी, तिच्याकडे जाणारे टॅक्सी-वे, नियंत्रण मनोरा, आग विझवण्याची यंत्रणा आणि धावपट्टीवरून पक्षी व कुत्री हाकलण्याचे काम हे सर्व हवाई दलाकडे असते. आपल्या विमानाला ‘उड्डाणास परवानगी’ असे सांगणारा आवाज गणवेशातील नियंत्रकाचा असतो.

नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि प्रत्यक्ष वापर १४ जुलै २०२४ पासून सुरू झाला. त्यामुळे रांगा कमी झाल्या, बसायला जागा झाली, विमाने उभी करण्याची सोय वाढली. तासाला किती विमाने उतरतील हे मात्र धावपट्टी ठरवते आणि ती प्राधिकरणाच्या ताब्यात नाही. हा भेद सर्वांत स्पष्ट दिसला तो धावपट्टीच्या पुनर्डांबरीकरणाच्या वेळी. हवाई दलाने हाती घेतलेल्या या कामासाठी ऑक्टोबर २०२० पासून सुमारे वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस तर प्रवासी वाहतूक पूर्णपणे थांबवण्यात आली होती. ऐन दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत शहराचा विमानतळ बंद ठेवण्याचा निर्णय एखाद्या नागरी विमानतळाला सहजी घेता आला नसता.

धावपट्टीची लांबीही विचारात घ्यावी लागते. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर आहे, नवी मुंबईची ३.७ किलोमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५९० मीटर उंचीवर आहे. उंचीवरच्या विरळ आणि उन्हाळ्यात तापलेल्या हवेत विमानाला उडण्यासाठी अधिक धाव लागते. म्हणून भरपूर इंधन घेऊन थेट युरोप-अमेरिकेला जाणारी मोठी विमाने तिथून चालवणे परवडत नाही. दुबई, सिंगापूर, बँकॉक अशा पल्ल्याची उड्डाणे चालतात.

एकाच पट्टीवर दोन यंत्रणांची माणसे वावरतात तेव्हा काय होऊ शकते, याचे उदाहरण १५ फेब्रुवारी २०२० चे आहे. दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान वेगाने धावत असताना समोर एक जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने नेहमीपेक्षा आधीच विमान उचलले. त्यात विमानाच्या शेपटीकडील भागाला इजा झाली, पण ते दिल्लीला सुखरूप उतरले.

प्रश्न : लोहगावला विमान उतरताना नातवाने खिडकीतून चित्रीकरण सुरू केले, तेव्हा हवाई सुंदरीने त्याला थांबवले. हा नियम आहे की तिची दादागिरी?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नियमच आहे आणि तिने आपले कर्तव्य केले. संरक्षण दलांच्या विमानतळांवर छायाचित्रण आणि चित्रीकरण करण्यास मनाई आहे. ऑपरेशन सिंदूरनंतर मे २०२५ मध्ये महासंचालनालयाने अशा तळांबाबत, विशेषतः पश्चिम सीमेलगतच्या, आणखी कडक आदेश काढला होता. त्यानुसार विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना, आपत्कालीन दरवाजांजवळच्या रांगा वगळता, खिडक्यांची झापडे बंद ठेवायची होती. असे आदेश परिस्थितीनुसार बदलतात, म्हणून त्या दिवशीची सूचना हीच अंतिम समजावी. नातवाला टर्मिनलच्या आत, तपासणी कक्षापासून दूर, हवे तेवढे फोटो काढू द्यावेत.

प्रश्न : नवी मुंबईच्या धावपट्टीवर सर्वांत आधी उतरले ते हवाई दलाचे विमान होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले. मग हाही विमानतळ पुढे पुण्यासारखा सामायिक होणार का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान तिथे उतरले आणि सुखोई न उतरता धावपट्टीवरून अगदी कमी उंचीने उडत गेले, हे खरे आहे. नव्या धावपट्टीची ती पहिली चाचणी होती आणि तिचा गाजावाजाही बराच झाला. परंतु तो विमानतळ सिडको आणि खासगी भागीदार यांच्या कंपनीचा आहे, तिथला नियंत्रण मनोरा नागरी आहे आणि तिथे लढाऊ विमानांचा तळ नाही. युद्धात किंवा आपत्तीत देशातील कोणतीही योग्य धावपट्टी हवाई दलाला वापरता येते. मोठ्या पुरात आणि भूकंपात तशी ती वापरलीही जाते. रोजची सामायिक वहिवाट ही वेगळी गोष्ट आहे.

जमिनीवरची भागीदारी नसली तरी आकाशातली टळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले होते की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्के भागच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो. उरलेल्या भागाला वळसा घालताना वेळही जातो आणि इंधनही. सराव नसताना तो भाग नागरी विमानांसाठी उघडण्याची पद्धत आता रुळू लागली आहे आणि आमच्या मते नव्या टर्मिनलांच्या काचांपेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे.

प्रश्न : गोवा आणि नाशिकलाही असेच आहे का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : थोडे वेगळे आहे. दाबोळी पोर्तुगीजांनी बांधला; डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकण्यात आले आणि नंतर तो नौदलाकडे गेला. तिथे ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे आणि कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या प्रशिक्षणासाठी राखीव असतात. म्हणूनच गोव्याच्या तिकिटांमध्ये दुपारच्या वेळा अधिक दिसत. मोपा येथील नागरी विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्याने ती अडचण बरीच सुटली. नाशिकजवळचे ओझर हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, म्हणजे विमाने बनवणाऱ्या सरकारी कारखान्याचे आहे. तिथे धावपट्टी तीन किलोमीटरची आणि वर्दळ कमी, त्यामुळे गाऱ्हाणीही कमी. पुण्यासाठी पुरंदरचा पर्याय वर्षानुवर्षे चर्चेत आहे, परंतु ज्या गावांची शेती त्यात जाणार आहे त्यांचा विरोध तीव्र आहे आणि तो अनाठायी आहे असे आम्हांला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या कल्याणजवळ नेवाळीला इंग्रजांच्या काळातील धावपट्टी पडून आहे. ती नौदलाकडे आहे असे म्हणतात. पुण्यासारखी व्यवस्था तिथे का करू नये?
— एक वाचक, कल्याण पूर्व

उत्तर : नेवाळीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तयार करण्यात आली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन मात्र संरक्षण खात्याकडेच राहिली. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात लावत आली. नौदलाने कुंपणाची भिंत बांधायला घेतल्यावर २२ जून २०१७ रोजी झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, हे आपल्याला आठवत असेल. जमीन युद्धापुरती घेतली होती, म्हणून ती परत द्यावी, हे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे.

नवी मुंबई विमानतळाला पर्यावरणाची परवानगी मिळण्यापूर्वी, २०१० च्या सुमारास, खारफुटी आणि नद्या वाचवण्यासाठी कल्याणची ही जागा पर्याय म्हणून पुढे आली होती. ती मागे पडली आणि त्यानंतर परिस्थिती अधिकच अवघड झाली आहे. लोहगावला सामायिक व्यवस्था चालते ती तिथे कार्यरत तळ, नियंत्रक आणि अग्निशमन दल आधीच असल्यामुळे. नेवाळीला यांपैकी काहीही नाही. तिथे सर्व काही नव्याने उभारावे लागेल आणि तसे करायचे झाल्यास त्याला सामायिक म्हणण्यात अर्थ उरत नाही. जवळच मलंगगडाचा डोंगर आहे, सभोवती अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणची दाट वस्ती आहे, आणि वरचे आकाश मुंबई व नवी मुंबई या दोन विमानतळांच्या मार्गांनी व्यापलेले आहे. तेव्हा नेवाळीचा प्रश्न विमानांचा राहिलेला नाही, जमिनीचा आहे. त्याचा निकाल संरक्षण खाते आणि शेतकरी यांच्यातच लागायला हवा.