सिव्हिलला प्रवेश मिळाला. आता टॅब घ्यायचा की लॅपटॉप?

पंढरपूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलीला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंग मिळालं, हॉस्टेलवर राहणार आहे. ओळखीचा दुकानदार म्हणतो, ‘आता सगळ्या नोट्स पीडीएफमध्येच असतात. ११ इंची टॅब घ्या, कीबोर्ड आणि पेनसकट ३२ हजारांत बसवतो, लॅपटॉपचंच काम करतो.’ पुण्यातला भाचा म्हणतो, सिव्हिलला ग्राफिक्स कार्डवालाच लॅपटॉप लागतो, ७५ हजार धरून चाला. घरचं बजेट ४५ हजार, तेही ओढूनताणून. पत्राच्या शेवटी मुलीनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडलीय: ‘टॅबवर पेननं नोट्स काढता येतात, लॅपटॉपवर नाही. मग टॅबच बरा ना?’

ताई, लॅपटॉप घ्या. पण ७५ हजारांचा नको, आणि आजच्या आजही नको.

आधी घाई का नको ते सांगतो. पुढच्या फेरीसाठी बेटरमेंटचा, म्हणजे यादीतला आणखी वरचा पर्याय मिळतो का ते बघण्याचा, पर्याय निवडला असेल तर कॉलेज बदलेल, कदाचित शाखाही बदलेल. शिवाय पहिल्या सेमिस्टरमध्ये घरच्या यंत्रावाचून काही अडत नाही. इंजिनिअरिंग ग्राफिक्सची बहुतेक शीट्स ड्रॉइंग बोर्डवर, मिनीड्राफ्टर लावून पेन्सिलीनंच काढायची असतात. सी किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांची प्रॅक्टिकल्स कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. गणित, मेकॅनिक्स, फिजिक्स, केमिस्ट्री ही सगळी वही-पेनाची कामं. तेव्हा दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही. तोवर तिला सीनिअर मुलींना विचारू द्या, की आपल्या कॉलेजमध्ये कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या सेमिस्टरला लागतं. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ती यादी जास्त कामाची.

आता टॅबबद्दल. दुकानदार अर्धं खरं बोलतोय. पीडीएफ वाचणं, लेक्चरचे व्हिडिओ, गुगल क्लासरूम यासाठी टॅब लॅपटॉपपेक्षा सोयीचा आहे. हलका असतो, बॅटरी दिवसभर पुरते, आणि लाइट गेली तर मोबाइलच्या पॉवरबँकवरही चार्ज होतो. पण सिव्हिलच्या मुलांना दुसऱ्या वर्षापासून वाचण्यापेक्षा काढून दाखवायचं काम जास्त असतं, आणि गाडी तिथं अडते.

ऑटोकॅडचंच, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचंच बघा. टॅबवर ऑटोकॅडचं ॲप मिळतं, नाही असं नाही. त्यात ड्रॉइंग उघडतं, मापं घेता येतात, खुणा करता येतात, थोडीफार दुरुस्तीही होते. पण ऑटोकॅडवर खरं काम करणाऱ्याचे हात बघा. डावा हात कीबोर्डवर असतो, उजवा माउसवर. रेषेसाठी एल, ट्रिमसाठी टीआर, ऑफसेटसाठी ओ. अक्षर दाबलं की स्पेस, आकडा टाकला की स्पेस. माउसचं चाक फिरवलं की झूम, दाबून धरलं की पॅन, दोनदा दाबलं की अख्खं ड्रॉइंग पडद्यावर. दोन बीएचकेचा प्लॅन काढताना २३० मिलिमीटरच्या भिंतीच्या दोन रेषा शेजारीशेजारी असतात, त्यातली नेमकी आतली रेष पकडून दाराइतकी कापायची असते. बोटानं हे करायला जाल तर दर वेळी झूम करावं लागतं, आणि तरी भलतीच रेष हाताला लागते. लॅबमध्ये दोन तासांत होणारं शीट टॅबवर दोन संध्याकाळी खातं. शेवटी १:१०० स्केलला, लेअरप्रमाणे रेषांची जाडी लावून प्रिंटची पीडीएफ काढायची म्हटलं की परत लॅबच गाठावी लागते.

पुढे इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारी स्टॅड प्रो आणि ईटॅब्स, इमारतीचं थ्री-डी मॉडेल करणारं रेव्हिट, कामाचं वेळापत्रक आखणारं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट येतात. ही सगळी विंडोजवर इन्स्टॉल करायची सॉफ्टवेअर आहेत, अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर बसत नाहीत. याच कारणानं क्रोमबुकही बाद, आणि सिव्हिलसाठी मॅकबुकही मी सुचवत नाही. ऑटोकॅडची मॅकवरची आवृत्ती आहे, पण स्टॅड आणि रेव्हिटची नाही. टॅबला कीबोर्ड लावला, त्यात ‘पीसी मोड’ सुरू केला, की पडदा लॅपटॉपसारखा दिसतो खरा. आत मात्र तीच मोबाइलची ॲप्स वेगवेगळ्या खिडक्यांत उघडलेली असतात. ‘लॅपटॉपचंच काम करतो’ म्हणतात ते एवढ्यावरच.

एक्सेलला मुलं हलक्यात घेतात, पण सिव्हिलमध्ये पहिली नोकरी पुष्कळदा एक्सेलवरच टिकते. साइटवर नव्या इंजिनिअरला सुरुवातीला देतात ती कामं म्हणजे मेजरमेंट शीट (झालेल्या कामाची मापं), आरए बिल (काम होत जाईल तसं लावायचं चालू बिल) आणि बारबेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याची यादी). सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला मीटरमागे ०.८८९ किलो. ते एका रकान्यात बसवायचं, शेजारी लांबी, नग, एकूण, आणि दुसऱ्या शीटवर व्यासाप्रमाणे बेरीज. अशा पन्नाससाठ ओळी झाल्या की टॅबवरच्या एक्सेलमध्ये जीव मेटाकुटीला येतो. मॅक्रो तिथं चालतच नाहीत. आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ॲपमध्ये फुकट एडिटिंग १०.१ इंचांपर्यंतच्याच पडद्यावर करता येतं. त्याहून मोठ्या टॅबवर सबस्क्रिप्शन नसेल तर फाइल नुसती वाचता येते. तुम्हाला दाखवलेला टॅब ११ इंची आहे.

कॅम्पस प्लेसमेंटचंही लक्षात ठेवा. घरून किंवा हॉस्टेलवरून द्यायच्या अॅप्टिट्यूड चाचण्या कॅमेऱ्याच्या नजरेखाली होतात, आणि पुष्कळ वेळा त्यांचं खास ब्राउझर लॅपटॉपवरच चालतं. अशा दिवशी मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा, तर तिचीही चाचणी त्याच वेळी असते.

भाच्याच्या म्हणण्यात तथ्य अगदीच नाही असं नाही, पण ते तुमच्या मुलीला लागू नाही. ऑटोकॅडचं बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, टू-डी ड्रॉइंगला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही. स्टॅडमध्ये चारपाच मजल्यांची फ्रेम सोडवायलाही कार्ड लागत नाही. कार्ड लागतं ते थ्री-डी रेंडरिंगला, म्हणजे इमारतीचं खऱ्यासारखं चित्र बनवायला, आणि ते मुख्यतः आर्किटेक्चर-इंटिरिअरचं क्षेत्र. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे जातो, वर अर्ध्या किलोचा चार्जर, आणि बॅटरी एका सकाळीत संपते. तो रोज हॉस्टेलवरून कॉलेजला न्यायचा जाच तिनं का सोसावा?

तर ४५ हजारांत काय बघायचं? प्रोसेसर इंटेलचा असेल तर बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय-५. फारच ताण पडत असेल तर त्याच पिढीचा आय-३ चालेल. सेलेरॉन किंवा एन-मालिकेचा प्रोसेसर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. एएमडीचा असेल तर रायझन ५, पण इथं एक गोम आहे. ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा आतला गाभा किती नवा ते सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे डब्यावर नवा नंबर आणि आत जुना गाभा. ७५३०यू मध्ये ३ आहे, तो त्याहून चांगला. शिवाय ७५२०यू च्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ‘रायझन ५, सेव्हन थाउजंड सीरिज’ एवढंच सांगून दुकानदार हाच माथी मारतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉपही हल्ली दिसतात. बॅटरी उत्तम, पण अभियांत्रिकीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा त्यांना अधिकृत पाठिंबा नाही. नको.

रॅम १६ जीबी मिळाली तर उत्तम. ऑटोकॅडची किमान गरजच ८ जीबीची आहे, आणि त्यात विंडोज व ब्राउझरही उघडं असणार. बजेटमध्ये ८ जीबीच बसत असेल तर एक स्लॉट रिकामा आहे ना ते बघा. दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला लावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. तिथं ‘२ पैकी १’ असेल तर वर्षभरानं ८ जीबीची दुसरी पट्टी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून टाकून घेता येईल. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचाही वेग वाढतो. स्टोरेज ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी हवी; ‘ईएमएमसी’ (संथ, स्वस्तातलं स्टोरेज) असं कुठं लिहिलेलं दिसलं तर पुढे चला.

पडदा फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर ऑटोकॅडची वरची पट्टी आणि खालची कमांडची ओळ एवढी जागा खातात की ड्रॉइंगला फट उरते. १५.६ इंची लॅपटॉपला बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड असतो. मापं टाकायला, एक्सेलला तो फार कामाचा. १४ इंची हलका पडतो, पण त्याला हा कीपॅड नसतो. मी पहिला घेईन. आणि चाकवाला साधा यूएसबी माउस लगेच घ्या, चारपाचशेचं काम आहे. टचपॅडवर ऑटोकॅड शिकलेल्यांना पुढे सवय मोडताना त्रास होतो.

बजेट आणखी खाली आणायचं असेल तर कंपन्यांच्या वापरातले, नीट करून विकलेले बिझनेस लॅपटॉप हा वाईट मार्ग नाही. अट एकच, इंटेलच्या आठव्या पिढीपेक्षा जुना घेऊ नका. त्याखालच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकत घेण्याआधी बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी नसेल तर व्यवहारच नको.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. बाळ, पेननं टॅबवर नोट्स छान निघतात, खोटं नाही. पण सेमिस्टरचा पेपर कागदावर, पेनानं, तीन तास लिहायचा असतो, आणि मेकॅनिक्सची फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) हाताला वळण पडल्याशिवाय पटकन येत नाही. पहिलं वर्ष वहीवरच काढ. फोनमधल्या गुगल ड्राइव्हच्या स्कॅननं वहीची पानं पीडीएफ करून विषयवार फोल्डरमध्ये टाकत जा, म्हणजे परीक्षेच्या आधी वही हरवली तरी अडणार नाही. दुसऱ्या वर्षानंतरही टॅब हवासाच वाटला तर पंधरावीस हजारांतला, स्वतःच्या ॲक्टिव्ह पेनवर चालणारा घे. टोकाला जाड रबर असलेलं दोनशे रुपयांचं पेन ते नव्हे. त्यानं तळहात टेकला की पानभर रेघोट्या उमटतात.

पैशांची एक वाट तुम्ही कदाचित पाहिली नसेल. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर अभ्यासक्रमासाठी लागणारा संगणकही त्या कर्जात धरता येतो. दुकानाचं कोटेशन अर्जाबरोबरच जोडा; नंतर वेगळं मागायला गेलं की बँक कां-कू करते. आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला का, तेवढं आधी बघा. फीचे वाचलेले पैसे इकडे वळवता येतील.

घेतल्यावर पहिल्या दिवशी दुकानदार म्हणेल, ‘मीच सेटअप करून देतो.’ करू द्या, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंट मुलीच्याच ईमेलवर आणि तिच्याच मोबाइल नंबरवर उघडायला लावा. डब्यासोबत आलेलं ऑफिस त्याच अकाउंटला कायमचं जोडलं जातं. त्याहून मोठी भानगड एन्क्रिप्शनची आहे. विंडोज ११ मध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. पुढे एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉपनं ती मागितली आणि अकाउंट दुकानातल्या पोराचं निघालं, तर डिस्क पुसण्यावाचून मार्ग उरत नाही. प्रोजेक्टचं सगळं काम त्याबरोबर जातं. ती की कागदावर उतरवून घरी कपाटात ठेवा. विंडोज ‘एस मोड’मध्ये (यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात) आलं असेल तर ऑटोकॅड इन्स्टॉल होणार नाही, सेटिंग्जमधून तो फुकट काढता येतो, फक्त परत लावता येत नाही, आणि लावायची गरजही नाही.

ऑटोकॅड आणि रेव्हिट विकत घ्यायची नाहीत. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचं शैक्षणिक लायसन्स मोफत देते, दर वर्षी नूतनीकरण होतं. त्यासाठी चालू वर्षाचं ओळखपत्र किंवा फीची पावती अपलोड करावी लागते, आणि त्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आडनाव आधी की नंतर, एवढ्याशा कारणावरूनही अर्ज परत येतो. हॉस्टेलवर पेनड्राइव्हमधून फिरणारं क्रॅक व्हर्जन मात्र घेऊ नये. ते बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि पुढचा उपद्रव तिथूनच शिरतो.

बिल जीएसटीचं, मुलीच्या किंवा तुमच्या नावावर, सीरियल नंबर लिहिलेलं घ्या. तो नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबराशी दुकानातच जुळवून बघा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झालीय ते तिथंच तपासा. शोकेसमधला नमुना असेल तर वॉरंटीचे चारसहा महिने आधीच संपलेले दिसतात.