मुंबईत राहून युरोपातल्या आयर्नमॅनसाठी वेटसूट कसा निवडावा आणि सराव कुठे करावा?

तुम्ही दादरला राहता, ऑगस्टमध्ये कोपनहेगनची फुल आयर्नमॅन (३.८ किलोमीटर पोहणं, मग सायकल, मग धावणं अशी ट्रायथलॉन शर्यत) आहे, पोहणं बहुतेक टँकमधलंच आहे, आणि मित्राचा स्कूबाचा वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी सूट) फुकट मिळतोय तर तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय. स्कूबाचा सूट घेऊ नका. त्याला बाहेरूनही कापड असतं, त्यामुळे तो पाण्यातून सरकत नाही, अडतो. शिवाय तो शिवलेला असतो तो पाण्याखाली संथपणे फिरणाऱ्यासाठी. तुम्हाला ३.८ किलोमीटरमध्ये तीन हजारांच्या वर हात मारायचे आहेत आणि त्यातल्या प्रत्येक हाताला तो सूट खांदा मागे ओढणार. ट्रायथलॉनमध्ये ५ मिलिमीटरपेक्षा जाड सूट चालत नाही, हेही लक्षात ठेवा. स्कूबाचे बरेच सूट त्याहून जाड असतात.

ट्रायथलॉनच्या सूटचं रबर बाहेरून गुळगुळीत असतं. खांदे आणि काखेत ते दीड-दोन मिलिमीटर, छाती आणि मांड्यांवर चार-पाच. त्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, म्हणून ते तरंगतं आणि ऊबही धरतं. ज्यांचे पाय पोहताना खाली जातात त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण कंबर आपोआप वर येते. तुमचे पाय मुळातच वर राहत असतील तर मांड्यांवर फार जाड रबर असलेला सूट घेऊ नका, डोकं खाली दाबल्यासारखं होतं.

आता माझा अनुभव सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात मला माझीच पहिली परदेशी रेस दिसली. सूट तीन आठवडे आधी आला. घरी एसी लावून एकदा अंगावर चढवला, आरशात पाहिला, बॅगेत भरला. रेसच्या सकाळी तळ्यात उतरलो आणि दोनशे मीटरवर गळ्याभोवती कुणीतरी पकड घट्ट करतंय असं वाटायला लागलं. श्वास पूर्ण आत जाईना. उताणा झालो, कयाक धरली (पुढे सरकायचं नसेल तर कयाक धरायला परवानगी असते), गळ्याची पट्टी बोटाने ओढून पाणी आत घेतलं आणि मग कुठे सूट अंगावर बसला. पुढे रेस पूर्ण केली, पण मानेवरचा काचलेला वळ आठवडाभर होता.

सूट लहान नव्हता. चूक चढवण्यात होती. जांघेशी तो दोन-तीन इंच खाली राहिला होता, त्यामुळे सगळा ताण खांद्यांवर आणि गळ्यावर आला. म्हणून माझं ठाम मत आहे की गळा आणि खांद्यांचं सुख पायांपासून ठरतं. महागडा सूट खालून नीट चढवला नाही तर तोही गळा आवळतो.

चढवायची पद्धत अशी. नखं कापलेली हवीत. पायात साधी प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, म्हणजे टाच अडकत नाही. घोट्याच्या कडा घोट्यापासून जरा वरच ठेवा. मग नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी थोडं थोडं रबर चिमटीत धरून पोटरीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर आणत जा. जांघेत अजिबात पोकळी राहता कामा नये. तिथे पक्कं बसल्याशिवाय सूटच्या बाह्यांना हात लावू नका. मग तसंच मनगटाकडून खांद्याकडे रबर वर आणा, खांद्याच्या वर थोडी चुणी जमू द्या. ती चुणी म्हणजे हात फिरवायची मोकळीक. मानेला वंगण लावा, पण पेट्रोलियम जेली नको, त्याने रबर आणि शिवणीचा गोंद खराब होतो. मुंबईच्या दमटपणात पहिल्यांदा याला वीस मिनिटं लागतील. घाई करू नका, घाईतच नखाने रबर फाटतं.

निवडताना किंमत शेवटी बघा. कंपनीच्या तक्त्यात उंची, वजन आणि छाती तिन्ही जुळवा. घातल्यावर कमरेच्या खोलगट भागात आणि काखेत हवा राहत असेल तर सूट मोठा आहे. पाण्यात तिथूनच थंड पाणी आत-बाहेर करत राहील आणि ऊब टिकणार नाही. जमिनीवर तो घट्टच वाटतो, पाण्यात सैलावतो. दोन्ही हात सरळ वर नेऊन पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. वापरलेला सूट स्वस्तात मिळाला तर जरूर घ्या, फक्त शिवणी आणि नखांचे अर्धचंद्राकृती काप उजेडात तपासा.

सरावाचं गणित मुंबईत उलटं आहे. तुमची रेस ऑगस्टमध्ये, म्हणजे शेवटचे अडीच महिने पावसाळा. तेव्हा समुद्रात जायचंच नाही, गिरगाव आणि जुहूला त्या दिवसांत ब्लूबॉटलही (जेलीफिशसारखे डंख करणारे जीव) येतात. त्यामुळे सूट डिसेंबरपर्यंत हातात हवा आणि समुद्रातला सराव जानेवारी-फेब्रुवारीत, भरतीची वेळ बघून, अनुभवी पोहणाऱ्यांच्या ग्रुपबरोबर, कमरेला तरंगता फ्लोट बांधून उरकायला हवा. पुढे शिवाजी पार्कचा टँक आहेच, पण आधी प्रशिक्षकांना विचारा, आणि सूट घालून पंधरा-वीस मिनिटांच्या वर पोहू नका. आपल्या कोमट पाण्यात अंग आतून तापतं. डोकं जड वाटलं की लगेच बाहेर या. आयर्नमॅनच्या नियमातही पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं तर वेटसूट घालणाऱ्याला बक्षीस मिळत नाही आणि २८.८ च्या वर सूटच बंद असतो. गोव्याच्या ७०.३ ला (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनला) म्हणूनच तो लागत नाही.

गार पाण्यात उतरताच धाप लागते ती मुख्यतः अंगाच्या त्वचेला अचानक गारवा लागल्यामुळे, आणि सूट चेहऱ्याला वाचवत नाही. चेहऱ्याला गारव्याची सवय व्हावी म्हणून परातीत पाणी आणि बर्फ घेऊन रोज चेहरा बुडवा, आत असताना हळूहळू बुडबुडे सोडा. पण अंगाला लागणारा झटका कमी व्हायला गार पाण्यात उतरण्याचीच सवय लागते. म्हणून तिकडे दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि एकदा तरी त्याच पाण्यात उतरा. ते पाणी आपल्या अरबी समुद्राइतकं खारट नाही, त्यामुळे इथे तरंगल्यासारखं तिथे वाटणार नाही. रेसमध्ये पाण्यात शिरताच सूटच्या गळ्यातून थोडं पाणी आत घ्या आणि पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश जा. पोहण्यासाठी २ तास २० मिनिटांची मर्यादा आहे, तेवढा वेळ पुरतो.

वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उलटा करून सावलीत वाळवा, तारेच्या हँगरवर टांगू नका. जुलैत तो कपाटात बंद राहिला तर बुरशी धरेल, तेव्हा दर रविवारी काढून पंख्याखाली पसरून ठेवा.