'यू ऑलराइट?' विचारलं की तब्येत सांगत बसू नका

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लीड्सला येताय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 7.5 आहेत, आता बोलण्याच्या इंग्रजीची आणखी काय तयारी करू? व्याकरणाची चिंता सोडा. अडतं ते अगदी साध्या वाक्यांपाशी.

ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकाने जाता जाता 'यू ऑलराइट?' विचारलं. मला वाटलं, चेहरा उतरलेला दिसतोय की काय! रात्री झोप लागली नाही, हे मी सांगायला लागलो, तोवर गडी लिफ्टपाशी पोचला होता. आपल्याकडे 'काय, जेवण झालं का?' विचारणारा काही ताट वाढायला येत नाही, तसलंच हे. 'येस, यू?' म्हणायचं आणि चालू लागायचं.

'नॉट बॅड' म्हणजे चांगलं. पण 'क्वाइट गुड' ऐकून हुरळू नका. बहुतेक वेळा ते 'ठीकठाक' असतं. माझ्या कामाला ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंनी 'क्वाइट गुड' म्हटलं, तेव्हा मी कौतुकाने घरी फोन केला होता! 'यू माइट वॉन्ट टू चेक दॅट' ही सूचना वाटते, पण असतो हुकूमच. आणि 'आय विल बेअर इट इन माइंड' म्हणजे आपलं 'बघू'. त्यातलं किती बघितलं जातं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सच्या या भागात, बऱ्याच घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. शेजाऱ्यांनी 'हाफ सिक्स'ला टीला बोलावलं. मी घरी पोटभर पोळीभाजी खाऊन बिस्किटांचा पुडा घेऊन गेलो, तर टेबलावर भाजलेलं चिकन, बटाटे, ग्रेव्ही. पुन्हा जेवलो, काय करता! 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा, साडेपाच नव्हे. मधला 'पास्ट' गाळतात, एवढंच.

बसचा ड्रायव्हर किंवा दुकानातल्या मावशी 'लव्ह' म्हणतील, त्यात काही शोधू नका. डर्बी, नॉटिंगहॅमकडे त्याच जागी 'डक' येतं.

आपले काही शब्द मात्र विमानतळावरच ठेवून या. 'प्रीपोन' इथे बऱ्याच जणांना कळत नाही. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं तर समोरच्याला वाटतं, याचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. 'क्वेश्चन' म्हणा. 'आय पास्ड आउट इन 2016' म्हणजे तुम्ही त्या साली बेशुद्ध पडला होतात. आणि कपड्यांच्या दुकानात 'पँट्स' मागाल तर चड्ड्यांच्या कप्प्यापाशी नेऊन उभं करतील. 'ट्राउझर्स' म्हणा.