अलाइनमेंट: गोट, कल की बाणा?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही पाच-सहा जण सोलापुरात दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. परवा आमच्या पॅलडिननं एका पकडलेल्या गॉब्लिनला शब्द दिला, 'वाट खरी सांगितलीस तर मी तुला मारणार नाही.' त्यानं वाट सांगितली. मग पॅलडिन पाठ फिरवून उभा राहिला आणि आमच्यातल्या चोरानं गॉब्लिनचा गळा कापला. डीएम म्हणतो, पॅलडिनची अलाइनमेंट गेली. पॅलडिन म्हणतो, मी कुठं मारलं बे? मी लॉफुलच आहे. काका, लॉफुल म्हणजे कायदेशीर का? आणि अलाइनमेंटला मराठीत काय म्हणायचं?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यात प्रत्येक जण एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळतो आणि डीएम तो खेळ चालवतो. पॅलडिन म्हणजे शपथेनं बांधलेला योद्धा, चोर हाही पात्राचाच एक प्रकार, गॉब्लिन म्हणजे बुटका राक्षस. अलाइनमेंट म्हणजे पात्र लॉफुल की केऑटिक, गुड की ईव्हिल, याची त्याच्या कागदावरची (कॅरेक्टर शीटवरची) नोंद. शेवटचा प्रश्न आधी घेतो. तुमच्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

गॅरेजच्या पाटीवर आपल्याकडं 'अलायमेंट' असं लिहितात आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: गाडीची चाकं एका सुतात आणणं. सरकारी परिभाषेत 'संरेखन' आहे. रस्त्याच्या नाहीतर रेल्वेमार्गाच्या आखणीला तो शब्द ठीक; पण "माझ्या पात्राचं संरेखन नियमबद्ध-चांगलं आहे" असं म्हणून कुणी फासे टाकील असं वाटत नाही.

तुमच्या खेळात हा शब्द आला तेव्हा त्याचा स्वभावाशी फारसा संबंध नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली निघाला तो सैन्यं मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. तेव्हा तीनच रकाने होते: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. कोणता प्राणी कुठल्या रकान्यात, याची यादीच दिली होती. लढाई जुंपली तर कोण कुणाच्या बाजूनं उभा राहील, एवढंच ठरवायचं होतं. त्याला मराठीत सरळ 'गोट' म्हणता येतं. त्या काळच्या नियमांत प्रत्येक गोटाची स्वतंत्र भाषासुद्धा होती, अलाइनमेंट लँग्वेज! शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला ही कल्पना फार आवडते, पण खेळणाऱ्यांनी ती पुढं टाकून दिली. पुढं १९७६ मध्ये गुड-ईव्हिलचा दुसरा अक्ष आला आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ घरांचा तक्ता पक्का झाला: एकीकडं लॉफुल-न्यूट्रल-केऑटिक, दुसरीकडं गुड-न्यूट्रल-ईव्हिल. २००८ मध्ये घरं पाचांवर आणली, २०१४ मध्ये पुन्हा नऊ केली.

या प्रवासात शब्द तोच राहिला आणि अर्थ गोटावरून घसरत माणसाच्या मनात शिरला. गोट आणि मन हे एक नसतं. महाभारतातला विकर्ण घ्या. भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलणारा कौरव तोच. युद्धात उभा राहिला भावांच्याच बाजूनं आणि मेला भीमाच्या हातून. १९७४ चा तक्ता त्याला बिनदिक्कत दुर्योधनाच्या रकान्यात टाकेल. नऊ घरांच्या तक्त्यात त्याच्यासाठी तुमचा अख्खा रविवार जाईल.

आता लॉफुल. कायदेशीर म्हणजे लॉफुल हे कोशात बरोबर आहे, तुमच्या कॅरेक्टर शीटवर चूक. मराठीत बांधकाम कायदेशीर असतं, नोटीस कायदेशीर असते. माणूस कायदेशीर म्हणायचा तर तो फक्त वारस नाहीतर नवरा-बायको. खेळातला लॉफुल माणूस राजाचा कायदा पाळतोच असं नाही. जुलमी राजाचा कायदा तो मोडेलही. पण त्याचा स्वतःचा काही नेम असतो आणि तो त्यातून हलत नाही. म्हणून मी 'नेमाचा' म्हणेन. 'नेमस्त' चांगला शब्द होता, पण तो मवाळांना चिकटला आणि तिथंच राहिला. लॉफुल न्यूट्रलला तर मराठीनं आधीच नाव ठेवलंय: नाकासमोर चालणारा.

केऑटिकचं अवघड आहे. 'गोंधळी' म्हणू नका. तुळजापूर इथून तासाभरावर आहे. गोंधळी म्हटल्यावर सोलापूरकराला संबळ ऐकू येतो. उरलेले शब्द एकेक करून बोलून बघा: मोकाट, बेबंद, स्वैर, बेशिस्त. सगळ्या शिव्या. उलट बाजूला शिस्तीचा, नेमाचा, वळणाचा, सगळी शाबासकी. म्हणजे लॉ-केऑस हा जो अक्ष चांगल्या-वाईटापासून वेगळा ठेवायचा म्हणून मुद्दाम आखला, तो मराठीत आणला की आपोआप गुड-ईव्हिलकडं झुकतो. आपल्या भाषेत नियम मोडणारा भला माणूस असतो, पण त्याला भला म्हणण्याआधी कुणीतरी मोकाट म्हणून घेतलेलं असतं. त्यातल्या त्यात 'मनस्वी' हा शब्द निवाडा न करता उभा राहतो. केऑटिक गुडला 'मनस्वी भला' म्हणा. लॉफुल ईव्हिल हा मग 'नेमाचा दुष्ट': कागद चोख, व्याज चोख, तारीख चोख, आणि समोरच्याचं घर गेलेलं.

न्यूट्रलला सगळे पटकन 'तटस्थ' लिहितात. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा. पण १९७८ च्या नियमांतला ड्रुइड (निसर्गपूजक पुजारी) न्यूट्रलच असावा लागे, आणि तो काठावर उभा नव्हता. पारडं एकीकडं कललं की दुसरीकडं वजन टाकणं हेच त्याचं काम. त्याला 'मधला' म्हणा. आणि ज्याला काहीच ठरवायचं नसतं म्हणून जो न्यूट्रल लिहितो (असा एक प्रत्येक गटात असतो), त्याच्यासाठी 'तळ्यात-मळ्यात' आहेच.

तुमच्या पॅलडिनकडं येतो. त्याच्यासाठी गोट पुरत नाही आणि नुसता स्वभावही पुरत नाही. त्याला हवा 'बाणा'. बाणा माणूस घेतो, मिरवतो, आणि मग त्याला तो निभवावा लागतो. जुन्या नियमांत पॅलडिन लॉफुल गुडच असायचा. २००८ मध्ये ती अट गेली आणि २०१४ च्या नियमांत त्याची सगळी ताकद त्याच्या शपथेवर आली. माझ्या मते तेच जास्त बरोबर आहे.

बाणा म्हटलं की आपल्या गावात दुसराही बाणा आठवतो, मागावरचा. उभा धागा ताणा, आडवा धागा बाणा. शेजारच्या तेलुगू घरात त्यालाच पडुगू आणि पेका म्हणतात. आमच्या गल्लीत माग होते तेव्हा लहानपणी मी तासन्‌तास बघत बसायचो. ताणा एकदा बीमवर चढला की चढला, त्याला दिवसभर कुणी हात लावत नाही. बाणा मात्र धोट्यातल्या कांडीतून येतो, प्रत्येक फेकीला नवा. एखादी फेक चुकली की कापडात तिथं रेघ दिसते, ठाण पूर्ण झाल्यावरही दिसते. पण एका रेघेसाठी कुणी अख्खं ठाण फेकून देत नाही. शीटवर लिहिलेले 'लॉफुल गुड' हे दोन शब्द म्हणजे ताणा झाला. गॉब्लिनकडं पाठ फिरवणं ही एक फेक.

आता ती फेक चुकली का? पॅलडिन म्हणतो, शब्द पाळला. पाळला, खरं आहे. "मी मारणार नाही" म्हणाला आणि त्यानं मारलं नाही. पण मराठीत शब्द पाळतात तसे शब्दाला जागतातही. खाल्ल्या मिठाला जागतात, दिल्या शब्दाला जागतात. न झोपता जागं राहणं ज्या क्रियापदात आहे तेच हे क्रियापद. डोळे मिटून शब्द पाळता येतो. जागता येत नाही. त्यानं नेमकी पाठ कधी फिरवली ते बघा: वाट कळल्यावर, गळा कापला जायच्या आधी. समोरच्याला 'मी'वरचा जोर ऐकू येऊ न देता दिलेला शब्द हा नेमाच्या दुष्टाचा शब्द असतो.

डीएमलाही दोन शब्द. अलाइनमेंट गेली म्हणजे त्याला नेमकं काय म्हणायचंय ते मराठीत विचारा. गोट सोडला तर 'फितूर झाला' म्हणतात. इथं तो फितूर झालेला नाही. स्वभाव फिरला तर 'कल पालटला' म्हणावं. पण कल दिसायला बऱ्याच फेऱ्या मोजाव्या लागतात, हे निवडणुकीच्या निकालादिवशी टीव्हीपुढं बसणाऱ्याला सांगायला नको. एका गळ्यावरून कल पालटला म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. तिसरं, 'बाण्याला बट्टा लागला'. तुमच्या प्रसंगाला हे तिसरं बसतं. शीटवरची अक्षरं खोडायची गरज नाही. शपथेचं काय करायचं, प्रायश्चित्त काय द्यायचं, हे डीएमनं ठरवावं. १९७० च्या दशकाअखेरच्या नियमांत अलाइनमेंट बदलली की एक लेव्हल जायची. तशी शिक्षा आजच्या नियमांत नाही.

थोडक्यात, शीटवरच्या चौकटीला 'कल' लिहा, पॅलडिनपुरता 'बाणा', आणि लढाईत कोण कुणाकडून हे विचारायचं असेल तर 'गोट'. बोलताना अलाइनमेंट म्हणालात तरी माझी हरकत नाही, तो शब्द आता गॅरेजवाल्याचाही झालाय.

मेलेल्या गॉब्लिनबद्दल कुणी काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात गॉब्लिन लॉफुल ईव्हिल होता, २०१४ च्या पुस्तकात न्यूट्रल ईव्हिल. तुमच्या गॉब्लिननं तर वाट खरी सांगितली होती. आणि त्याला मराठी नाव शोधू नका. खवीस म्हणाल तर तो लहान पडतो, मुंजा म्हणाल तर त्याला पिंपळ लागतो, आणि आपल्या भुतांपैकी कुणीही असल्या शब्दावर विश्वास ठेवून वाट सांगितली नसती.