मुलाला मुलीचं वाटणारं नाव ठेवलं तर चालेल का? कोणती नावं शोभतील?

तुमच्या घरी मुलगा झालाय, बारसं तोंडावर आलंय, बायकोच्या मनात बायकांचं समजलं जाणारं नाव आहे आणि पुढे पोराचे हाल होतील का, ही तुमची धास्ती. यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. माझं नाव कीर्ती. पुरुष आहे, वय ५४, जन्म बडोद्याचा, वाढलो दांडिया बाजारात.

माझ्या वेळी आईला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या कीर्तीभाईंनी कुठूनशी रिक्षा शोधून आणली. वडिलांनी त्याच रात्री नाव ठरवून टाकलं. बारशाला पुण्याहून आलेली आत्या अडून बसली, "असलं बायकी नाव मी मुलाच्या कानात सांगायची नाही." शेवटी तिने कानात "गोविंद" सांगितलं आणि शाळेच्या दाखल्यावर कीर्ती लागलं.

बडोद्यात या नावाने मला कधी त्रास झाला नाही. इथे जयंतीभाई, कांतीभाई, शांतीभाई गल्लोगल्ली भेटतात. हे सगळे शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी, पण गुजरातीत बाई की पुरुष हे नाव सांगत नाही, भाई आणि बेन सांगतात. गांधीजींचा मुलगा मणिलाल, सरदार पटेलांची मुलगी मणीबेन. मणी तोच. आपल्याकडेही राव-बाई होतेच की! दौलत ही "ती दौलत", पण ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना कोणी बायकी म्हटलं नाही. आता आपण राव गाळतो, नुसतं नाव उरतं आणि घोटाळा होतो.

माझा घोटाळा पुण्यात झाला. लग्नासाठी एका ठिकाणी पत्रिका पाठवली, तर मुलीच्या वडिलांनी ती परत धाडली. सोबत चिठ्ठी : "आम्हाला मुलगा हवा आहे." त्यांचं काय चुकलं? मराठी माणसाला कीर्ती म्हटलं की कीर्ती शिलेदार आठवणार. १९८३ च्या विश्वचषक संघातले कीर्ती आझाद ऐन वेळी कोणाला आठवत नाहीत. ऑफिसच्या इंग्रजी पत्रांत अजूनही "मॅडम" येतं. मराठी बोलण्यात मात्र "कीर्ती आला" म्हटलं की विषय संपला.

म्हणून माझं मत असं, की शब्दाचं लिंग बघू नका, ते नाव मिरवलेले पुरुष आहेत का ते बघा. कमल आपल्याकडे मावशीचं नाव, पण कमल हासन आणि कमलनाथ आहेतच. सुमन म्हटलं की आपल्याला सुमनताई दिसतात, तर हिंदीवाल्यांना कवी शिवमंगल सिंह "सुमन". ज्योती बसू पश्चिम बंगालचे २३ वर्षं मुख्यमंत्री होते. शशीचा तर प्रश्नच नाही. किरण आणि नयन दोन्हीकडे चालतात, आणि आमच्या बडोद्याने भारताला दिलेले दोन यष्टिरक्षक कोण? किरण मोरे आणि नयन मोंगिया. त्यांना चिडवायची कोणाची हिंमत होती!

रेखा, सीमा, निशा अशी नावं मात्र मी नुसती ठेवणार नाही. त्यांच्यापुढे वाट काढून गेलेला पुरुष मला दिसत नाही आणि पहिली वाट तुमच्या पोराने काढावी असं मला वाटत नाही. फारच मन असेल तर जुनी युक्ती आहे. उमाशंकर, रमाकांत, गौरीशंकर ठेवा आणि घरात खुशाल उमा, रमा, गौरी म्हणा. आधी देवीचं नाव आणि मागे देव, ही रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

आणि मुलाला मुलीचं काही देणं हे नवं खूळ नाही. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथे नव्या बाळाचं नाक टोचून नथ घालत आणि नथू म्हणत, म्हणजे काळाला ती मुलगी वाटावी. त्यात हौस नव्हती, भीती होती. (उलट्या दिशेचा नमुना आमच्या गावातूनच वाहतो : ऋषी विश्वामित्र, नदी विश्वामित्री.)

बारशापर्यंत एकमत झालं नाही तरी घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. आमच्या आत्याला १५ वर्षं दिली असती तरी ती वळली नसती म्हणा. अजून फोनवर मला गोविंदच म्हणते.