हंसाच्या आकाराचं भोक

चि. ...
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तलावावरचे तुझे हंसांचे फोटो पाहिले. पाणी छान आलंय, पलीकडची झाडंही. हंसाच्या जागी मात्र हंसाच्या आकाराचं भोक पडलंय. पिसांत काही उरलेलंच नाही, आणि जे टिपलं गेलं नाही ते एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. म्हणून आधी तेवढंच बोलू.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो. तुझ्या चौकटीत काळपट पाणी जास्त, हंस थोडा. मीटरने पाणी उजळवलं आणि त्यात हंस जळाला, म्हणजे नुसता पांढरा झाला. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण केलेली घट-वाढ; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) −1 ते −1.7 ठेव. दाट धुक्यात उलटं होतं: चौकटभर पांढरंच असतं, मीटर ते मळकट करतो, तिथे +1 लागतं. ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअलवर जा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, लेन्सचं छिद्र एफ/8, शटर 1/2000 सेकंद इथून सुरुवात कर, एक फोटो काढून हायलाइटचा इशारा बघ, म्हणजे जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो तो. हंसाच्या पाठीवर लुकलुक दिसली तर 1/2500, तरी थांबली नाही तर 1/3200. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजव्या टोकाला जळालेलं), तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायची सवय लाव. सकाळच्या पिवळ्या उन्हात लाल रंग सगळ्यांच्या आधी उजव्या भिंतीला टेकतो, आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही.

हिवाळ्यातली दुपार वाया घालवू नकोस. डिसेंबरात भरदुपारी पुण्यात सूर्य साधारण 48 अंश वर असतो, लंडनला जेमतेम 15. म्हणजे आठच्या सुमारास उगवल्यापासून चारच्या आत मावळेपर्यंत ऊन तिरपंच. दक्षिण काठावर थांबलीस तर सूर्य पाठीशी राहतो. तो किंचित बाजूला येईल असं सरक, म्हणजे पिसांच्या कडांना सावली मिळते. त्यात वारा नैऋत्येचा असला तर सोन्याहून पिवळं. दहा-बारा किलोंचा हा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि तसाच उतरतो, म्हणजे तुझ्याकडे तोंड करून.

आणि खाली बस. शक्य तर पालथी पड, किंवा कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर धर. उभ्याने काढलेल्या फोटोत हंसाच्या मागे नुसतं पाणी येतं. खालून काढलास तर लांबचा काठ धूसर होऊन मागे पसरतो आणि पाण्यात उतरतो. पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर) घरी ठेव. तो पाण्याशी साधारण 37 अंशांच्या कोनात नीट काम करतो. इतक्या खालून त्याचा उपयोग नाही, वर दीड-दोन स्टॉप प्रकाश मात्र खातो.

या जातीच्या, म्हणजे म्यूट स्वानच्या, चोचीच्या मुळाशी काळी गाठ असते. तो काळा रंग थेट डोळ्यापर्यंत जातो आणि डोळाही काळाच. कॅमेऱ्याचं आय-डिटेक्शन (डोळा शोधून त्यावर फोकस करणारी सोय) बऱ्याचदा गाठीलाच डोळा समजून बसतं. डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसेपर्यंत थांब. तो नसेल तर तोंड आंधळं वाटतं, मग फोटो कितीही धारदार असो.

पोहणाऱ्या हंसाला 1/500 पुरतं. आंघोळ सुरू झाली, डोकं बुडवणं, पाणी पाठीवर घेणं, की लगेच 1/2000 वर जा आणि झूम मागे घे. आंघोळीनंतर तो बहुतेक वेळा उभा राहून पंख झटकतो. ते पंख दोन मीटरहून जास्त पसरतात, आणि टोकं कापलेले असे फोटो सगळ्यांकडे ढिगाने असतात. मे-जूनमध्ये पिल्लं असताना पंख कमानीसारखे उभारून, मान मागे खेचून कोणी तुझ्याकडे येऊ लागला तर तो पोज देत नाहीये. उठ आणि मागे हो. पाव टाकून तर कुणाला बोलवूच नकोस.

आपल्या कवींचा हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. एडिटिंगला बसलीस की ते काम तुझं. एक मास्क (ठरावीक भागापुरती निवड) हंसाचा, एक पाण्याचा. हंसावर हायलाइट्स −40 ते −60, टेक्श्चर +15. क्लॅरिटी नको, तिने मानेभोवती काळी किनार येते. सर्वांत उजळ पीस 255 (म्हणजे शुद्ध पांढरा) पैकी 240 ते 248 मध्ये ठेव. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (ज्यावर टेकवू तो रंग पांढरा-राखाडी धरणारा) पिसावर टेकवू नकोस: सावलीतल्या पिसात आकाशाचा निळा असतोच, तो पुसलास की हंस प्लॅस्टरचा दिसतो. डोक्या-मानेवरचा तांबूस डागही राहू दे, तो चिखलातल्या लोहाचा असतो.

पाणी −0.7 ते −1 ने गडद कर, पण लाटांची चमक मारू नकोस. ऑटोमॅटिक मास्क बऱ्याचदा प्रतिबिंबालाही हंसात धरतो, तेवढा भाग ब्रशने वजा कर. प्रतिबिंब खऱ्या पक्ष्यापेक्षा उजळ कधीच नसतं. ते चुकलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. चौकट सरळ करताना तिरक्या काठावर विश्वास ठेवू नकोस. चोचीचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत यायला हवं, इतकंच तपास.

चित्रासारखा परिणाम हवा असेल तर तो शक्यतो कॅमेऱ्यातच मिळव. शटर 1/15 ते 1/30, हंसाच्या वेगाने कॅमेरा आडवा फिरव. पन्नासात दोन जमतील, पण पाण्याचे जे पट्टे येतात ते कुठल्याच फिल्टरने येत नाहीत. कॅनव्हाससारख्या टेक्श्चरचा थर चढवायचाच असेल तर सॉफ्ट लाइट (थर मिसळायची एक पद्धत), 15 ते 25 टक्के, आणि हंसावरून मास्कने पुसून टाक. कॅनव्हासचे धागे पिसांवर दिसले की खेळ संपला. कृष्णधवल करताना निळा खाली ओढ म्हणजे आकाश झेललेलं पाणी काळवंडतं, नारिंगीने चोच हवी तेवढी उजळव.

पुढच्या वेळी जेपेग नको, रॉ फाइल्स (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) पाठव. जळालेले फोटोही गाळू नकोस.

कळावे.